वर्षातून एकदा लावायची कॅसेट

१० सप्टेंबर २०२३, लातूर

सूनबाईंनी अण्णारावची कॅसेट इंटरनेटवर चढवली. मला न विचारता. आता ती कुणालाही, कधीही, फुकट ऐकता येते. म्हणजे कुणीच ऐकणार नाही.

अण्णाराव माझ्या बायकोचा, सिंधूचा, थोरला भाऊ. किल्लारीच्या भजनी मंडळात पुढं गायचा. भूकंपाच्या आदल्या वर्षी मी पेपरच्या ऑफिसचा टेपरेकॉर्डर तिथं नेऊन ही कॅसेट भरली. भूकंपात तो गेला. कॅसेट लातुरात माझ्या टेबलाच्या खणात होती, म्हणून राहिली. फीत झिजू नये यासाठी घरचा नियम — वर्षातून एकदाच लावायची, तीस सप्टेंबरला सकाळी. गावाकडची माणसं येतात. ऐकून होईपर्यंत चहासुद्धा नाही.

१२ सप्टेंबर

मालविका, म्हणजे सून, कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तिथं लेक्चरचं रेकॉर्डिंग साफ करतात — हजेरी, खोकला, फळा पुसणं कापून टाकायचं. उरलेलं पोरं दीडपट वेगानं ऐकतात. कॅसेटचंही तिनं तेच केलं. सुरुवातच उडवली. तबला जुळवतानाची हातोडी, अण्णारावचं खाकरणं, पाणी मागणं — सगळं साफ.

"बाबा, त्यात गाणं नव्हतंच. लोक दहा सेकंदांत पुढं जातात."

जाऊ देत ना! असल्यांना थांबवायचं तरी कशाला?

१५ सप्टेंबर

कॉलमसाठी क्लासच्या गल्लीत हिंडलो. ज्याच्या त्याच्या कानात ती पांढरी बोंडं. एकाला विचारलं, काय ऐकायलास?

"पाऊस, सर. फोकस होतो."

ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथली पोरं मोबाइलवर पाऊस लावून अभ्यास करतात. दुसऱ्याला विचारलं, आवडतं गाणं कोणतं? बराच वेळ विचार केला त्यानं. "असं काही न्हाई सर. चालू असतंय."

चालू असतंय. नळासारखं. छे — नळाची लातूरकर वाट तरी बघतात.

२१ सप्टेंबर

अण्णारावला चोपन्न जणांनी ऐकलं, असं मालविका कौतुकानं सांगते. शेवटपर्यंत दोघांनी. त्यातला एक मी.

२७ सप्टेंबर

वैजनाथचा फोन. मंडळात टाळ धरायचा. दरवर्षी किल्लारीहून पहिल्या जीपनं निघून माझ्याआधी बैठकीत बसलेला असतो.

"पाव्हणं, आवंदा येणं होत न्हाई. मोबाइलवर हायच की समदं."

"ऐकलंत का?"

"लावलं हुतं. मधीच साबणाची जाहिरात आली. मग ऱ्हायलं."

इतकी वर्षं ज्या आवाजासाठी हा माणूस पहाटे निघायचा, तो साबणापुढं टिकला नाही.

३० सप्टेंबर

कुणी आलं नाही. मालविका क्लासला गेली. सिंधू नेहमीसारखी दाराशी येऊन बसली. तिला गाण्यातलं काही कळत नाही. दरवर्षी अभंग सुरू झाला की उठून स्वयंपाकघरात जाते. तिच्या एकटीसाठी फीत झिजवायची?

"राहू दे या वर्षी," म्हणालो. "मोबाइलवर आहे. तिथं ऐक."

"त्याच्यात ते न्हाई की."

"काय नाही?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

२ ऑक्टोबर

कॉलम वेळेत दिला. शेवट चांगला जमला — दहा सेकंद ऐकणारा श्रोता तर नव्हेच, गिऱ्हाईकही नव्हे; गिऱ्हाईक निदान भाव तरी विचारतं. संपादक खूश.

५ ऑक्टोबर

सकाळी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून अण्णारावचा आवाज. आधी खण उघडून पाहिला — कॅसेट जागेवर. म्हणजे कापलेला तुकडा मालविकानं ठेवला होता. सिंधूनं तो आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतला असणार.

दाराशी गेलो. ती भाकरी थापत होती. हातोडीची टकटक. खाकरणं. मग तो —

"सिंधे, पानी आण गं."

"आणते, दादा," पाठमोरी सिंधू म्हणाली.

तुकडा तिथंच संपला. पिठाच्या बोटानं तिनं तो पुन्हा लावला.