गरीब मॉनिटरला वेसण

बंगळूर, मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर सिद्धरामचं डोकं. (डोकं खालीच आहे. वर करायची हिंमत नाही.)

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी दुपारी "पाना घेऊन येतो" म्हणून मी शुक्रवार पेठेतल्या तुमच्या घरातून जो निघालो, तो पाना घेऊन थेट बंगळूरला येऊन पोचलो. मी इकडे खुशाल आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमची तब्येत बरी असेल. आक्काचे पाय कसे आहेत ते विचारणार होतो, पण आईनं मैंदर्गीहून फोन करून ते सुजलेत असं सांगितलं, म्हणून विचारत नाही.

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. फोन केला की तुम्ही "हां, बोल" म्हणणार, आणि मग मला बोलावं लागणार. शिवाय या कागदाच्या खाली एक वस्तू चिकटपट्टीनं चिकटवली आहे, ती फोनमधून जात नाही. (पाकीट झटकू नका. वस्तू लहान आहे, पलंगाखाली गेली तर माझं सगळं पत्र फुकट.) आणखी एक. शाळेत बाई सांगायच्या की पत्रात 'आहे' लिहावं, 'हाय' लिहू नये. मी सातवीपर्यंतच टिकलो, तरी तेवढं लक्षात आहे, म्हणून जमेल तितकं 'आहे' लिहितो. पण शरम वाटली की हातातून 'हाय' निघतं. तेवढं समजून घ्या.

सगळ्याचं मूळ माझ्या एका वाक्यात आहे. दोन वर्षांमागं आईनं विचारलं, इतक्या लांब काय काम करतोस, तर मी म्हणालो, कॉम्प्युटरमध्ये आहे. हे खोटं नव्हतं. आमचा मालक नवीन ऑफिसं थाटून द्यायचा ठेका घेतो, आणि मी टेम्पोच्या मागं कॉम्प्युटरच्या खोक्यांमध्येच बसलेला असतो. टेबल उचलायचं, खुर्ची उचलायची, खोकं उचलायचं, चौथ्या मजल्यावर ठेवायचं आणि पुन्हा खाली यायचं. (खोक्यात काय आहे ते बघायला थांबलो तर मुकादम ओरडतो.) बोअरवेलची गाडी झाली, रसवंती झाली, वीटभट्टी झाली, पाच धंदे सोडून हा सहावा. माझं बूड एका जागी टिकत नाही हे तुम्ही तुमच्या लग्नाच्या पंगतीतच बघितलं होतं, जिलबी यायच्या आधीच मी उठलो होतो. पण आईनं माझ्या 'कॉम्प्युटरमध्ये'चं 'कॉम्प्युटरवर' केलं, आबांनी त्याचं 'कॉम्प्युटरचा साहेब' केलं, आणि सोलापुरात आक्कापर्यंत बातमी पोचेस्तोवर मी इंजिनियर झालो होतो. मी दुरुस्त केलं न्हाय. ऐकायला बरं वाटत होतं.

आक्का आमच्या घरातली पहिली बी.कॉम. तिला घरबसल्या ते काम लागलं, दवाखान्यातले हातानं लिहिलेले कागद एका पडद्यावर बघायचे आणि दुसऱ्या पडद्यावर टाइप करायचे, महिनाभर चाचणी आणि मग पक्कं, तेव्हा मला तुमच्याइतकाच आनंद झाला होता. कंपनीनं दोन मॉनिटर पाठवले. तिनं एक पिठाच्या डब्यावर ठेवला, दुसरा जुन्या गाइडांच्या चळतीवर. एक वर, एक खाली. चार दिवस सराव केला आणि मान अवघडली. मग तिचा फोन आला की, सिद्धू, गड्ड्याच्या जत्रेला येणारच आहेस, तर दोन्ही मॉनिटर अधांतरी धरणारा मजबूत स्टँड मिळतो म्हणे, तू त्याच लायनीतला, तूच निवडून दे. तुम्ही बिचारे म्हणालात की आधी टेबलाचं माप घेऊ, मॉनिटरचं वजन करू, चार ठिकाणी विचारू. मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. दाजी, हे मापाचं काम न्हाय, नजरेचं हाय.

आता दुकानातली गोष्ट. ही तुम्हाला ठाऊक नाही, कारण मी तुम्हाला बाहेर गाडीपाशी उभं केलं होतं. (दुकानाचं नाव लिहीत नाही, त्या माणसाची काही चूक नव्हती.) त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "वेसा बघितला का? पंचाहत्तर का शंभर?" वेसा म्हणजे मॉनिटरच्या पाठीवर जी चार भोकं असतात त्यांच्यातलं अंतर, हे मला परवा कळलं. त्या दिवशी मला ऐकू आलं 'वेसण'. मी पडलो मेंढरं राखलेला माणूस. वेसण मारक्या बैलाला घालतात, कॉम्प्युटरला कशाला? पण मोठ्या शहरात काय काय निघालंय कुणास ठाऊक, अडाणी दिसू नये म्हणून मी लई समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणालो, "वेसण नको. आमचे दोन्ही गरीब हायत."

दाजी, त्या माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. "असू द्या, असू द्या," म्हणत तो वाकला आणि खालच्या फळीवरनं एक बारीकसा, काडीसारखा स्टँड काढून हळू आवाजात म्हणाला, "हा परवडंल. हलक्या मॉनिटरला हाच बरा." माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, मॉनिटर गरीब हायत, मी न्हाय! दुकानातला सगळ्यात मजबूत काढा. तो म्हणाला, तो जड मॉनिटरसाठी आहे, एकेक हात पंधरा किलो पेलतो, तुमचे केवढ्याचे आहेत? मी म्हणालो, असू द्या, वाढतील.

(काडीसारखा होता तोच बरोबर होता. त्यानं मला दया येऊन का होईना, बरोबर वस्तू दिली होती. मी ती त्याच्या अंगावर परत फेकली.)

रविवारी बसवायला घेतला तेव्हा खोक्यातून एक इंग्रजी कागद निघाला, आणि एक वाकडा खिळा. खिळा कारखान्यातल्या कुणाचा तरी चुकून राहिला असणार असं म्हणून मी तो खिशात टाकला. कागद मात्र मी पाच मिनिटं वाचला. म्हणजे धरला. मध्येच पान उलटलं देखील. तुम्ही म्हणालात, "सिद्धराम, उलटा धरलायस." मी म्हणालो, आकृती उलटीच बघायची असते. तुम्ही "बरं" म्हणालात आणि स्क्रू मोजायला लागलात. तुमचा हा स्वभाव लई वाईट आहे, माणसाला पुढं जाऊ देता.

मग टेबल. आबांनी आक्काच्या लग्नात मैंदर्गीच्या सुताराकडून मुद्दाम करून दिलेलं, बाभळीची फळी, चार बोटं जाड. टेबलाची कड पकडणारा स्टँडचा जबडा उघडून उघडून तीन बोटं. तुम्ही माप घेऊ म्हणालात ते हेच. ते मी कसं जमवलं ते आता विचारू नका. तुम्हाला चहापत्ती आणायला पाठवलं तेव्हा जमवलं.

आणि दोन्ही मॉनिटर लावून मी हात सोडले. पंधरा किलोसाठी ताणलेली स्प्रिंग, आणि आमचे गरीब साडेतीन-साडेतीन किलोचे. बाभळीचा पाला खायला शेळ्या मागच्या दोन पायांवर कशा उभ्या राहतात, तसे दोघंही शांतपणे उठले आणि वर जाऊन थांबले. खाली ओढले की पुन्हा वर. आक्का खुर्चीत बसली तर पडद्याचं बूड तिच्या कपाळाच्या वर. तुम्ही विचारलंत, "हे वर का चाललंय?" तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मला आठ दिवस झोपू देईना. मी म्हणालो, असंच असतंय. मोठ्या कंपनीत सगळे उभ्यानंच काम करतात.

आक्का म्हणाली, "व्हय रे?" एवढंच. आणि खुर्ची मागं सारून उभी राहिली. शिवाय शेजारच्या तानाबाईंना बोलावून दाखवलं की आमचा सिद्धू रोज असाच उभा असतो. (ते मात्र खरं आहे. टेम्पोपाशी.)

सोमवारी पहिला दिवस. नऊ ते बारा ती उभी, आधी या पायावर, मग त्या पायावर. तुमची दुसरी पाळी होती म्हणून तुम्ही घरी होता, तुम्हाला बघवेना. तुम्ही म्हणालात, अरे, निदान खाली बांध तरी. मग मी पोत्याची सुतळी घेतली, मॉनिटरच्या मागच्या पत्र्याच्या भोकातून ओवली आणि टेबलाच्या पायाला बांधली. म्हणजे दुकानात नको म्हणालेली वेसण शेवटी मीच घातली. पण मला गाठ एकच येते, आमची मेंढराची, एका हिसक्यात सुटणारी. लांडगा आला तर पटकन सोडता यावं म्हणून ती तशी असते. तुमच्या घरात लांडगा नव्हता, पद्मजा मॅडम होत्या, आक्काच्या वरच्या साहेब, साडेबाराला व्हिडिओवर. आक्का बसून छान बोलत होती. बोलता बोलता तिचा गुडघा सुतळीच्या शेंड्याला लागला.

कॅमेरा त्याच मॉनिटरच्या डोक्यावर. मॅडमना आधी आक्काचं तोंड दिसलं, मग भांग, मग खुंटीवरची पिशवी, आणि मग न्हाणीतून नुकतेच बाहेर आलेले तुम्ही, टॉवेलवर, डोक्याला साबण. तुम्ही संस्कारी माणूस. मॅडम दिसल्याबरोबर दोन्ही हात जोडून नमस्कार केलात. टॉवेल धरायला हातच उरला नाही. (देवाची कृपा, ती गाठ तुमची होती, माझी नव्हती.)

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ऋतुजा, बसायची जागा पंधरा दिवसांत नीट करून घ्या, नाहीतर चाचणी इथंच थांबवावी लागेल. तेव्हा आक्का काय म्हणाली ते तुम्ही टॉवेल सावरत आत पळालात म्हणून ऐकलं नसेल. ती म्हणाली, मॅडम, भावाची चूक न्हाय, त्यानं चांगलंच आणलंय, मलाच अजून उभं राहायची सवय न्हाय. असं म्हणाली आणि पुन्हा उभी राहिली. माझ्याकडं बघितलं पण न्हाय. रागानं न्हाय हो दाजी. मला वाईट वाटू नये म्हणून. तिथं मला थांबता आलं न्हाय. पाना आणतो म्हणालो आणि स्टेशन गाठलं.

गाडीत बसलो तर मांडीला काहीतरी टोचायला लागलं. तो वाकडा खिळा. इकडे आल्यावर आमच्यातला फिटर भिमा यानं तो बघितला आणि म्हणाला, अरे, हाच तर पाना. म्हणजे मी पाना आणायला निघालो तेव्हा पाना माझ्या खिशातच होता, आणि मी तो घेऊन तुमच्यापासून पळत होतो. तोच इथं चिकटवला आहे. स्टँडच्या हाताला कोपर असतं, तिथं वरच्या अंगाला एक भोक आहे. हात आडवा धरायचा, पाना भोकात घालायचा, आणि अधिक-वजाची खूण असेल त्यातल्या वजाकडं फिरवायचा. दहा-बारा फेरे. स्प्रिंग नरम पडते आणि मॉनिटर ठेवाल तिथं राहतो. खरोखरचा गरीब होतो. पंधरातले आठ दिवस गेलेत, पत्राला दोन-तीन लागतील, तेव्हा हातात पडल्याबरोबर करा. आक्का भाजीला गेली की करा. तिनं विचारलं तर सांगा, मशीन वापरून वापरून आपोआप रुळलं. माझं नाव मध्ये आणू नका, म्हणजे माझं नाव राहील.

तुमच्या धाकट्या मेव्हण्याला पायाची धूळ समजून दोन शिव्या द्या आणि सोडून द्या.

तुमचा,
सिद्धराम येडू
(पुढं 'इंजिनियर' लिहीत नाही.)

ता. क. जबडा बसेना तेव्हा जमवलं ते असं की तानाबाईंच्या जावयाचं ड्रिल मशीन आणून आबांच्या टेबलाला आरपार भोक पाडलं आणि स्टँड बोल्टनं आवळला. वरून दिसत नाही. पण आबा पुढच्या आठवड्यात लेकीचे दोन टीव्ही बघायला सोलापूरला येणार आहेत असं आई म्हणाली. त्यांना टेबलाखाली वाकू देऊ नका. जनावर असो की टेबल, खालून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

दुसरं ता. क. खरं काम राहिलंच. काल मुकादमानं विचारलं, दोन मॉनिटरचे स्टँड कुणाला बसवता येतात का, चाळीस टेबलं आहेत, सोमवारपासून, बसवणाऱ्याला खोकी उचलायला लागणार नाहीत. भिमा गावी गेलाय. माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं. आता तो इंग्रजी कागद पिठाच्या डब्यामागं असेल, तो कुणीतरी वाचून मला फोनवर मराठीत सांगायला पाहिजे. तुम्ही वाचाल, पण तुम्हाला कागद उलटा आहे एवढंच ओळखता आलं होतं. आपल्यात तो वाचणारं एकच माणूस आहे. आणि तिला कागद वाच म्हणायचं तर का वाच ते सांगावं लागणार.

शेवटचं ता. क. आक्का, तू हे वाचतीयेस हे मला माहीत हाय. दाजींच्या नावानं आलेलं कुठलं पत्र तू आधी फोडलं न्हाईस? मी कॉम्प्युटरवर न्हाय, खोकी उचलतो. मोठ्या कंपनीत कुणी उभ्यानं काम करत न्हाय, मी रोज बघतो, सगळे खुर्चीत बसतात, त्या खुर्च्या मीच वर नेऊन ठेवलेल्या असतात. टेबलाला भोक मी पाडलंय. कागद वाचून दाखव नायतर दाखवू नकोस, चाळीस टेबलांचं मी बघीन. पण तू आत्ता हे पत्र उभ्यानंच वाचत असशील. पाना खाली चिकटवलाय, तो दाजींना दे, आणि मागं खुर्ची हाय. बस की.