एकाच मापाचा राग

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुम्हालाच विचारावं लागून राह्यलं. बाजूच्या खोलीत बाई गुणांची बेरीज करत बसल्या आहेत. तुमच्यामागं चाचण्यांचं हे काम त्याच सांभाळतात. चहा झाला की निवडलेल्या पोरांची यादी या परराज्यातल्या बंदराच्या अग्निशमन दलाकडं जाईल. त्याच्या आत मला तुमच्याशी बोलायचं आहे, म्हणून हे कागदावर लिहितो.

यवतमाळचा स्टँड आठवतो का तुम्हाला? तुम्ही माझ्या ऑटोत बसले होते आणि मी रस्ता अडवणाऱ्या एसटीवाल्याशी भांडत होतो, गळ्याच्या शिरा ताणून. मग वळून हसत विचारलं, "साहेब, कुठं सोडू?" तुम्ही म्हणालात, "आत्ताचं भांडण पुन्हा करशील? जसंच्या तसं?" मला वाटलं, डोकं फिरलंय या माणसाचं. मग कळलं की पोलिसात आणि फायरब्रिगेडमध्ये कोण टिकेल हे पारखायचा तुमचा धंदा, आणि उमेदवारापुढं चिडलेला माणूस म्हणून उभं राहायला तुम्हाला कोणीतरी पाहिजे होतं. बाभुळगावला घरी सांगितलं तर माय पोट धरून हसली. "आधी फुकट भांडे, आता पगारावर भांडते!"

आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला तुम्ही एकच धडा दिला. पोलीस भरतीत एक पोरगी रडकुंडीला आली म्हणून मी आवाज खाली आणला होता. संध्याकाळी वडे खाता खाता तुम्ही म्हणालात, "तुला वाटतं तू दया केली. तिच्या आधीचा पोरगा तुझा पूर्ण राग खाऊन गेला, त्याचं काय? समोर कोणी असो, राग एकाच मापाचा पाहिजे. चाचणी संपल्याची घंटी वाजेपर्यंत." मी रुसून वडा तसाच ठेवला, तर तुम्ही तोही खाल्ला.

आज सकाळची गोष्ट. सोंग असं, की माझं घर पेटलं आहे, म्हातारी माय वर अडकली आहे. सगळ्या पोरांपुढं हेच, हिंदीतून. एक उंच, सावळा पोरगा आत येतो. मी ओरडतो, "मेरी माँ ऊपर है और तुम पाइप खोलते बैठे हो!" तो माझ्या तोंडाकडं बघत राहतो. माझ्या हिंदीतून त्यानं काय ओळखलं कोण जाणे. म्हणतो, "भाऊ, कायले ओरडून राह्यला? बस. मी आहो ना. माय कोन्या खोलीत झोपते, तेवढं सांग." आणि मी बसलो. घंटी वाजायला वेळ होता, तरी बसलो. देवघराच्या बाजूची खोली, असंही सांगून टाकलं. आम्हाला वठवायला दिलेल्या कागदात देवघर नाहीच, ते आमच्या घरचं आहे.

बाईंनी काचेतून पाहिलं आणि त्याला भरभरून गुण दिले. "बघितलंस, कसं शांत केलं त्यानं तुला!" नंतर पाण्याच्या टाकीजवळ तो भेटला. "पुसदकडचा आहो, भाऊ. तुमी लय खरं करता, मी घाबरलोच होतो. माही आखरी भरती आहे हे, वय सरते."

तो खरंच चांगला आहे, की फक्त माझ्या मुलखाचा आहे, हेच मला उमगत नाही सर. ज्या पोरांना माझी बोली येत नाही ते घंटीपर्यंत माझ्या शिव्या खात उभे होते. बाईंना सांगितलं तर त्या त्याची चाचणी पुन्हा घेतील आणि समोर इथलाच माणूस ठेवतील. तो काही भाऊ म्हटल्यानं ऐकणारा नाही. पोरगा पडला तर पुसदला परत जाईल, अन् पाडणारा मी. नाही सांगितलं तर कोणाला कळणारही नाही, आणि याचीच मला जास्त भीती वाटते. आज पचलं तर पुढच्या वेळी मी कोणाकोणासाठी बसेन?

शिपायानं हाक मारली, चहा आला. जातो. बाईंना सांगतो की माझं माप चुकलं, त्याची पुन्हा घ्या. काहून चुकलं म्हणतील, तर बोली ऐकून भान राहिलं नाही असं सांगेन. हा कागद माझ्या खिशातच राहणार, म्हणून तुमच्यापाशी खोटं नाही बोलत. भान होतं, सर. घंटी बाकी आहे हे पक्कं ध्यानात होतं. बैठिए, बैठिए तर सगळेच म्हणतात. इतकी वर्षं झाली इकडं येऊन, आपल्या बोलीत 'बस' असं कोणी म्हटलं नव्हतं.