न जन्मलेल्या जुळ्यांना हजर करण्याबाबत

दिनांक : २ मार्च १९३९

प्रति,
मा. वरिष्ठ निरीक्षक,
पारपत्र शाखा, खोली क्रमांक १४,
जिल्हा पोलीस कचेरी

अर्जदार : कु. पाउला (सारा) झिन्सहायमर, वय ४१, माजी प्रयोगशाळा साहाय्यक, राहणार गेर्बर गल्ली ९, दुसरा मजला

विषय : जप्त पारपत्र परत मिळून देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २० फेब्रुवारीचे पत्र (जुळ्यांसह समक्ष हजर राहण्याविषयी)

महोदय,

१. वरील पत्रानुसार मी दि. २३, २४ व २७ रोजी कचेरीत हजर झाले. जुळी हजर झाली नाहीत. का झाली नाहीत, हे तोंडी सांगण्याचा मी तिन्ही दिवशी प्रयत्न केला. परंतु लिपिक श्री. क्युब्लर यांनी "जे काय ते लेखी द्या, माझे कान दुखतात" असे फर्मावल्याने हा अर्ज सादर करीत आहे. इंग्लंडातील लीड्स येथे एका कुटुंबात मला स्वयंपाकिणीचे काम मिळाले आहे. तेथील प्रवेशाचा परवाना ३१ मार्चपर्यंतच चालतो व तो पुन्हा मिळणार नाही, असे वकिलातीने कळवले आहे.

२. दि. ६ फेब्रुवारीस माझी बांधाबांध तपासण्यासाठी आपले कर्मचारी घरी आले. चादरी, हिवाळी कोट व दोन पातेली यांविषयी त्यांची तक्रार नव्हती. पातेल्यात ठेवलेली एक वही मात्र त्यांनी उघडली आणि वहीबरोबर पारपत्रही नेले. वहीत दि. १७ नोव्हेंबर १९३४ खाली पुढील नोंद आहे व ती माझ्याच अक्षरात आहे : "थोरल्याचे दोन तुकडे झाले. ९.४० ला विष घातले. जुळी अडकली. पुढे जाईनात. दुपारपर्यंत तशीच." त्याखाली "फार छान!" असे लिहून मी दोन रेघा ओढल्या आहेत. त्या रेघांचे मला आज वाईट वाटते.

३. खुलासा असा की, १९३५ साली कमी करण्यात येईपर्यंत मी नेकर नदीकाठच्या एका संशोधन संस्थेत चौदा वर्षे नोकरी केली. स्नायू राबतो तेव्हा साखर कशी मोडतो, याचा तेथे शोध चालू होता. साखर एका घावात मोडत नाही, पायरीपायरीने मोडते. बेडकाच्या मांडीचा स्नायू बर्फात कुटून गाळला आणि त्या रसात साखर घातली, तर बेडूक नसतानाही हे सर्व घडते. आधी साखरेवर फॉस्फेटची दोन ओझी चढतात, मग ती मधोमध तुटते व तिची दोन अर्धी होतात. या अर्ध्यांची नावे इतकी लांबलचक की, बेडूक सांभाळणारे आमचे शिपाई श्री. एमिल ग्रेट्झ वैतागून म्हणाले, "बाई, एवढं नाव घेईस्तोवर बर्फ वितळेल. मी आपलं जुळी म्हणणार." त्या दिवसापासून प्राध्यापकांसह सगळेच तसे म्हणू लागलो. थोरला म्हणजे अखंड साखर. ठरावीक विष घातले की पुढची पायरी बंद होते आणि जुळी साठून राहतात. म्हणून तर ती हाती लागली. विष रसाला घातले होते, लेकरांना नव्हे.

४. खातरजमेसाठी आपण श्री. ग्रेट्झ यांना बोलावले. माणूस भला आहे, पण मला सोडवता सोडवता त्यांनी आगीतून फुफाट्यात टाकले. जुळी ठाऊक आहेत का, या प्रश्नावर ते म्हणाले, "ठाऊक म्हणजे? रोज सकाळी मीच बाहेर काढायचो त्यांना." कुठून? "तळघरातून. बर्फातून." जिवंत होती का? "ते साहेब, प्राध्यापकांना विचारा. ते दोन वर्षं त्याच्यावरच भांडत होते." दुसऱ्या दिवशी तळघराची झडती झाली. तेथे अकरा बेडूक सापडले व चौकशीअंती त्यांना सोडून देण्यात आले, असे कळते.

५. त्यानंतर जुळी अस्तित्वात नसल्याचा दाखला आणण्यास मला सांगण्यात आले. जन्म-मृत्यू निबंधक म्हणाले, "नसलेल्यांचे दाखले आम्ही देत नाही. नावं आणा, मग नाहीत म्हणून लिहून देतो." मी दोन्ही अर्ध्यांची पूर्ण नावे लिहून दिली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि नावे परदेशी दिसतात, तरी परदेशी नागरिक शाखेत जावे, असा शेरा मारला. परदेशी नागरिक शाखा आपल्याच खोली क्रमांक १४ मध्ये आहे. आपल्यासमोर प्रयोग करून दाखवण्याची माझी तयारी होती. परंतु संस्थेत पाऊल ठेवण्यास मला मनाई आहे आणि बेडूक आपण सोडलेले आहेत.

६. दि. २७ रोजी श्री. क्युब्लर रजिस्टर चाळता चाळता एकदम ओरडले, "सापडली! सापडली की तुमची जुळी!" त्यांनी दोन पत्रके माझ्यासमोर ठेवली. एकीचे नाव पाउला, दुसरीचे पाउला सारा. जन्मतारीख एक, आई एक, घर एक, मजलासुद्धा एक. मी सांगितले की, नव्या कायद्याने आम्हा ज्यूंतील प्रत्येक बाईला सारा हे नाव जोडावे लागते. त्यासाठी जानेवारीत मी स्वतः रांगेत उभी होते. जुन्या पत्रकावर एक शब्द वाढवायचा, तो कोणी वाढवला नाही आणि नवे पत्रक केले. त्यावर ते म्हणाले, "नवं पत्रक मी केलंय. माझ्या पत्रकात चूक नसते. एक बहीण विलायतेला धाडायची आणि दुसरी दडवून ठेवायची होय? दोघी मिळून या, मग बघू." प्रवेशाचा परवाना डिसेंबरात मिळालेला असल्याने त्यावर फक्त पाउला आहे. कचेरी मात्र कागद देणार तो पाउला सारा हिलाच.

७. महोदय, मला भीती वाटते. अर्जात असे लिहायचे नसते, हे मला माहीत आहे. पण एकोणतीस दिवस उरले आहेत आणि माझ्याजवळ आता कोणताही खुलासा शिल्लक नाही. तरी सदर बाबतीतला माझा विरोध मी मागे घेते. आम्ही दोघी आहोत, हे मला मान्य आहे.

८. पाउला १८९७ साली जन्मली. तिला आईने हाक मारली, तिने बेडूक कुटले, तिला बटाट्याचे सूप चांगले जमते. सारा या वर्षीच्या जानेवारीत आपल्या कचेरीत जन्मली. तिचे वय जेमतेम दोन महिने आहे. तिला घरी किंवा गल्लीत कोणी कधी हाक मारलेली नाही. सबब विनंती की, पाउला हिला जाऊ द्यावे. सारा येथे आपल्याच ताब्यात राहील. तिला खोली, अन्न वा कोळसा लागत नाही. ती पळून जाणार नाही, कारण आपल्या पत्रकाबाहेर ती कोठेच राहत नाही. तिचे पुढे आपण काय कराल, हे विचारायला कोणी येणार नाही.

सोबत : प्रवेश-परवान्याची नक्कल, निबंधकांच्या शेऱ्याची नक्कल, छायाचित्राच्या दोन प्रती.

सारा हे नाव न घालता सही केल्यास गुन्हा होतो व ते घालून केल्यास परवाना पाउलाचा राहत नाही. म्हणून सही दोघींनी केली आहे.

आपल्या नम्र,

पाउला झिन्सहायमर

पाउला सारा झिन्सहायमर