सदाफुलीला पाणी कमी घाल

आंबुवुंबे,
१४ नोव्हेंबर १९८७

प्रिय माहासुलु,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र काल ट्रकवाल्यानं आणून दिलं. बाबांचे गुडघे धरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. लाल वारा सुटलाय. मक्याच्या कण्यांत निम्मी वाळूच येते. पावसाचं नाव नाही.

तू विचारलंस, खोलीपुढं लावलेली सदाफुली का जळते. अरे, ती जळत नाही, सडते. तिकडं उत्तरेत पाणी मुबलक, म्हणून रोज ओतत असशील. तिला वाळू दे, ऊन दे आणि विसरून जा. बी मातीखाली नीट झाक, उजेड लागला तर रुजत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुड, म्हणजे फुटवे येतात. शेळ्यांची भीती नको. कडू पाल्याला त्या तोंड लावत नाहीत. आपल्या शेतात शेंडे खुडायचं काम तुझ्या लेकीकडं असायचं.

तिच्या फ्रॉकचं माप मागितलंयस. काय कळवू?

तुझ्या पत्रावरून समजलं, माझी आधीची पत्रं तुला मिळालीच नाहीत. मला वाटायचं, वाचूनही गप्प बसलायस. फार शिव्या दिल्या रे तुला.

जुलैच्या थंडीत तिच्या पायांवर निळे डाग उठले. बाबा म्हणाले, "शेळ्यांमागं उंडारते, पडत असेल." मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ताप उतरेना. पाठीशी बांधून तिला इस्पितळात नेलं. बाबाही काठी टेकत आले. डॉक्टर म्हणाला, रक्ताचा कर्करोग आहे.

"औषध आहे यावर," तो म्हणाला. "तुम्ही विकता ना, त्या सदाफुलीपासूनच करतात. पण तिकडं परदेशात. आमच्यापर्यंत पोचत नाही."

मला वाटलं, ती झोपलीय. ती म्हणाली, "आत्या, मग या खेपेला एक पोतं ट्रकवाल्याला देऊ नकोस. आपल्याला ठेव."

बाबांनी तिथंच इस्पितळाच्या अंगणात तीन दगड मांडून सदाफुलीचा पाला उकळायला घेतला. डॉक्टर धावत आला. "आजोबा, विष आहे ते! गाडाभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं, तेही कारखान्यात."

"मग देवानं ते आमच्या दारात कशाला उगवलं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरनं भांडं उचललं आणि कुंपणापलीकडं ओतलं.

तिला घरी आणलं. पाला न्यायला ट्रक आला तेव्हा ती दारात पांघरूण घेऊन बसली होती. मी पोती दिली. सगळी दिली. ठेवून काय करणार होते? तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर माझ्याशी बोलली ती फक्त पाणी मागायला.

भावा, गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून पत्रभर नुसतं लेक आणि ती लिहितेय. या मंगळवारी सकाळी गेली. बाबांच्या मांडीवर. ते तिला बैलांच्या गोष्टी सांगत होते. ती गेल्यावरही बराच वेळ सांगत राहिले, आणि त्यांना थांबवायला माझी जीभ उचलली नाही.

बाबांचं म्हणणं, बाप आल्याशिवाय तिला उचलायचं नाही. रीतीप्रमाणं तोवर तिला ठेवायला मागची झोपडी मोकळी केलीय. बायका रोज रडायला येतात. तिच्यामागं कापायचा बैल निवडून ठेवलाय. रस्ते खराब आहेत, तुला वेळ लागेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी घाई करणार नाही. आता घाई कशाची?

तू येशील तोवर मी पुन्हा बी पेरलेलं असेल. रागावू नकोस. या वाळूत दुसरं काही येत नाही आणि बाबांना दोन्ही वेळा जेवायला लागतं.

आलास की आधी माझ्याकडं येऊ नकोस. मला सांगता येणार नाही. सरळ मागं जा. दार नुसतं लोटलेलं आहे.

तुझ्या लेकीला सांभाळायला घेतलेली,
तुझी ताई,
वुरिसुआ