डिफरंट मुलगी हवी

महाल, नागपूर
८ जून २०२५

ती. पुष्पलताआत्या यांस शि. सा. न.

स्थळ आपण आणले आणि आपल्यालाच जाब विचारते आहे, या आगाऊपणाची आधी क्षमा मागते. फोन केला असता, पण बाबा शेजारून हलत नाहीत.

वैभवरावांच्या बायोडेटात ‘डिफरंट मुलगी हवी’ असे छापले होते. पाहून गेल्यावर त्यांच्या आईंचा निरोप आला, मुलगी जरा डिफरंट वाटते. बाबांच्या मते हे पुस्तकांनी केले, म्हणून एम.ए.चे दुसरे वर्ष बंद.

माझा अपराध इतकाच. त्यांच्या आईंनी स्वयंपाक काय येतो विचारले, मी सांगितले. चार पावले चाल म्हणाल्या, मी चालले. शेवटी, तुलाही काही विचारायचे तर विचार, असे म्हणाल्या. प्रश्नपत्रिका तयारच होती. तीच मी त्याच क्रमाने वैभवरावांना दिली. ते बिचारे चाललेही.

मागितलेलेच मिळाले, तर परत का करतात, हे विचाराल का? माझे वर्ष त्यावर अडले आहे.

आपली
प्रणाली

कामठी
१५ जून

चि. प्रणालीस आशीर्वाद.

काय वं पोरी, चांगल्या इंजिनेराले चालाले लावलं तू? माह्या हातचा चहा सांडला.

त्याच्या मायले विचारलं, मंग डिफरंट काहून छापलं? म्हणे, सगळेच छापतात. नोकरी करते, इंग्रजी बोलते, पण तोंड उघडाच्या आधी सासूले विचारते, ती डिफरंट.

आता पुढचं ऐक. स्वयंपाक काय येते, हे तुह्यासमोर काहीच सांगता आलं नाही म्हणून वैभव घरी पोहे शिकून राहिला. पुन्हा येतो म्हणते. माय म्हणते येऊ, पण पोरीनं गप्प बसावं. तुह्या बापाचं, गणपतचंही तेच. गप्प बसली तं एम.ए., नाही तं नाही. काय सांगू?

तुही आत्या

महाल, नागपूर

ती. आत्यांस शि. सा. न.

गप्प बसणे मला लहानपणापासून उत्तम जमते. अटीवर मात्र जमणार नाही. आज बाबांना तसे सांगितले, एम.ए. बंद झाले तरी प्रश्न बंद होणार नाहीत, उलट घरी बसून ते विचारायला वेळच वेळ मिळेल, हेही सांगितले. त्यांनी बराच वेळ वर्तमानपत्र वाचले आणि मग प्रवेशाची शेवटची तारीख विचारली.

वैभवरावांनी पुढच्या रविवारी यावे. पोहे त्यांनी इथे आमच्या स्वयंपाकघरात करावेत; त्यावरची झणझणीत तर्री मी करीन. त्यांच्या आईंनी बाहेर बसावे. चव आवडली, तर आपल्यामार्फत कळवीन. नाही आवडली, तर मुलगा जरा डिफरंट वाटतो, एवढेच कळवीन. अर्थ त्यांच्या आईंना ठाऊक आहे.

आपला लोभ आहेच. या पत्राने तो घटू नये.

प्रणाली
गुरुवार, १९ जून २०२५, दुपारी सव्वाचार वाजता पेटीत टाकते आहे.