पैकीच्या पैकी

प्रिय गजेंद्र,

हे पत्र वाचताना खोलीचं दार लावून घे. अश्विनीला नवरा म्हणून काय सांगायचं ते नंतर तू ठरव. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला गुंडाळशील आणि मीही गुंडाळू देईन. म्हणून लिहिते आहे. इकडे अमडापूरला सगळं बरं आहे. सोयाबीन घरात आलं, हरभऱ्याची पेरणी चालू आहे. बातम्या एवढ्याच.

माझं काम तुला वरवर ठाऊक आहे. तुम्ही समुपदेशक व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांशी बोलता, त्यांच्या परवानगीनं ते बोलणं फोनमध्ये टिपलं जातं, पुण्याच्या कंपनीचं यंत्र त्यातली नावं कापतं, आवाज बदलतं आणि समुपदेशकाला गुण देतं. त्यानं रुग्णाला बोलू दिलं का, मध्येच तोडलं का, उपदेशच जास्त केला का. हे गुण बरोबर आहेत की नाहीत ते अधूनमधून माणसानं ऐकून तपासायचं असतं. वऱ्हाडातली बोलणी माझ्याकडे येतात, कारण सुरुवातीला यंत्राला आपलं काही कळायचंच नाही. कुणीतरी रुग्णाला मायेनं विचारलं, "काऊन बे, काल आला नाही? म्या वाट पाहून राह्यलो होतो," तर यंत्राचा शेरा, समुपदेशकाने रुग्णास दरडावले. हसत हसत मी असं कितीतरी दुरुस्त केलं. आता ते आपली बोली बऱ्यापैकी समजतं. माझा त्याच्यावर विश्वासही बसत चालला होता.

गेल्या सोमवारी एक ध्वनिमुद्रण आलं. आपल्या भागातल्या सगळ्या केंद्रांत त्याला सर्वांत जास्त गुण. सोबत सूचना होती की बुलढाण्याच्या प्रशिक्षणात नव्या लोकांना हे नमुना म्हणून ऐकवायचं आहे, एकदा ऐकून मान्यता द्या. चहा घेऊन ऐकायला बसले. समुपदेशक अगदी हळू बोलत होता, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. रुग्णाला 'आपण' म्हणत होता. प्रश्न विचारला की भरपूर थांबत होता. संयम, पैकीच्या पैकी. आवाज बदललेला होता, गजेंद्र, तो कुणाचाही असू शकला असता. पण माझा चहा तसाच निवून गेला.

तुला आठवत नसेल, आम्हाला आठवतं. इतर माणसं प्यायली की शिव्या देतात, रडतात. तू शुद्ध बोलायला लागायचास. जीभ घसरेल या भीतीनं शब्द निवडून निवडून. दारात उभा राहून म्हणायचास, "आई, आपण जेवलात का?" आणि माय भाकर तव्यावरच सोडून उठायची. "आला माहा पुण्याचा साहेब! चालणं सरळ हाय त्याचं, पर बोलणं आयका. पेऊन आला हा." कुंपणापलीकडून तानाबाई खिदळायच्या, "झुंबरबाई, आमचा पेला का नालीत जाते, तुमचा पेला का शाळेत जाते!" माय कधी हसली नाही. तू सोडलीस तेव्हा ती शेजारणींना सांगत फिरली, माहा गजा आता घरच्यासारखा बोलते. तेवढं तरी तिला बघायला मिळालं.

ते आठवूनही मी स्वतःशी भांडले. प्रशिक्षणात यांना छापील बोलायला शिकवलं असेल. हा कुणी दुसराच असेल. ओळखीचा आवाज वाटला तर तिथेच थांबून परत पाठवायचं, असा आमचा नियम आहे. मी थांबले नाही. शेवटी रुग्ण विचारतो, "साहेब, खरं सांगा, तुम्ही सोडली म्हंजे सोडलीच का? का आमाले सांगाचं म्हून सांगता?" मग उत्तर, "होय. मी पूर्णपणे व्यसनमुक्त आहे. आपण माझ्यावर विश्वास ठेवू शकता." तो माणूस म्हणतो, "मंग झालं. गोळ्या-बिळ्या ठीक हायेत, पर मी तुमच्या भरोशावर सोडून राह्यलो." आणि त्याला रडू फुटतं. यंत्रानं इथेही पूर्ण गुण दिले होते, प्रामाणिकपणासाठी.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. एरवी तू म्हणतोस, "बोल व ताई, आज कशी आठोन आली?" तू म्हणालास, "ताई, तू कशी आहेस? घरी सर्वजण कुशल आहेत ना?" मी 'सहजच केला होता' म्हणून फोन ठेवला. त्या दिवसानंतर मला नीट जेवण गेलेलं नाही.

ते ध्वनिमुद्रण मी 'ओळखीचा आवाज' एवढंच लिहून परत पाठवलं. आता ते दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि तो मान्यता देईल, कारण ऐकायला त्यात काहीच वावगं नाही. यंत्र चुकलं असंही मला म्हणता येत नाही. जे मोजायला शिकवलं तेच त्यानं मोजलं. तू खरंच चांगलं बोललास, रे. मला भीती त्याचीच वाटते. ते गुण पाहून तुलाही वाटत असेल की काम तर उत्तम चाललंय, थोडी घेतली तर कुणाचं काय बिघडतं? त्या माणसाचं बिघडेल. तुमचं नांदुरा केवढंसं गाव आहे! स्टेशनाच्या रस्त्यावर एखाद्या दुकानातून बाहेर पडताना त्यानं तुला पाहिलं, तर तो दारूकडे परत जाईल आणि पुन्हा कुणाच्याही भरोशावर सोडणार नाही. आणि तू? इतक्या कष्टानं सोडलेली पुन्हा का धरलीस, कधी, काय झालं, हे मला काहीच माहीत नाही. विचारायला मी तिथे नव्हते, हेच डोक्यात घोळतंय.

आता हे का लिहिलं ते सांगते. शनिवारी सकाळी मी निघते आहे, खामगावला गाडी बदलून दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. तुमचं केंद्र उत्तमराव चालवतात, त्यांना हे कळायलाच हवं. नोकरी जाईल, कदाचित नाहीही जाणार. मी खोटी आशा दाखवत नाही. पण उपचार पुन्हा सुरू करावे लागतील आणि त्या माणसाला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं लागेल. मी येण्याआधी तू त्यांच्याकडे गेलास तर मी बाहेर बाकावर बसून राहीन. नाही गेलास तर आपण दोघं जाऊ. तिथेही तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर मी बोलेन, तुझ्याशेजारी बसून, तुझ्यादेखत. तोवर कुणाला एक अक्षर सांगणार नाही. माझा राग येईल, येऊ दे. मुक्कामाचे कपडे घेऊन येते आहे, तुझं मार्गी लागेपर्यंत परत जाणार नाही.

तुझीच,
ताई