‘नाही’च्या चौकोनातली खूण

मोल्डे, १४ मार्च

प्रिय बोर्गहिल्ड,

गुडघा कसा आहे? इथे बर्फ वितळतंय, अंगणात नुसता चिखल. मी ठीक आहे.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, “मेला तेव्हा आणता आलं नाही, आता हाडं आणायला निघालीस?” आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवलंस तरी ते संपत नाही.

क्रीट बेटावरच्या नगरपालिकेनं कळवलंय, कबरीची तीन वर्षं भरली. तिकडे जागा तेवढीच मिळते. एप्रिलमध्ये ते तुझ्या भावाला, माझ्या आर्वेला, उकरून काढणार. घरचं कोणी नसेल तर सगळ्यांची हाडं एकत्र ठेवतात त्या खोलीत त्याची जातील. मी तसं होऊ देणार नाही.

प्रवासाचा विमा काढलाय. दोन कंपन्यांनी मला नाकारलं, कारण जानेवारीत माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तुला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या कंपनीची मुलगी गोड बोलत होती. मी विचारलं, “मी तिकडे मेले तर?”

“आम्ही तुम्हाला घरी आणतो. पान सातवर आहे.”

“पान सात वाचलंय. त्यात ‘वाजवी खर्च’ म्हटलंय. वाजवी कोण ठरवणार?”

ती म्हणाली, “आजी, हे कोणी विचारत नाही.”

“मी विचारतेय. आणि जुनं दुखणं धरून, असं लेखी पाठवा.”

पाठवलं तिनं. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेलं तर काहीच मिळत नाही, हे पान बारावर बारीक अक्षरात आहे. म्हणून डॉक्टरांकडे गेले. ते नको म्हणाले. मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी त्यांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या आणि ‘प्रवासाला हरकत नाही’ असं लिहून दिलं.

हे सगळं मला कुठून कळलं, असं तुला वाटेल.

तीन वर्षांपूर्वी आर्वेला घरी आणायचा खर्च नाकारला, म्हणून तू त्या विमा कंपनीविरुद्ध पेपरात पत्र लिहिलंस. मी वाचलं आणि गप्प राहिले. बोर्गहिल्ड, कंपनीनं फसवलं नव्हतं. अर्जात विचारलं होतं, गेल्या दोन वर्षांत हृदयावर उपचार झालेत का. आर्वे कॉफी पीत होता. म्हणाला, “नाही लिही. हो म्हटलंस तर सुट्टी गेली.” मी म्हटलं, “खोटं आहे ते.” तो म्हणाला, “हृदय माझं आहे, तूरिड.” आणि ‘नाही’च्या चौकोनात खूण केली ती मी, माझ्या हातानं. क्रीटला त्याच हृदयानं दगा दिला. तिथल्या दवाखान्याचं आपल्या सरकारी कार्डावर भागलं. शवपेटी घरी आणायला ते कार्ड चालत नाही. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते, आणि तुझ्याकडे मागायचं तर खूण सांगावी लागली असती. म्हणून तो तिथे राहिला.

तीन वर्षं तू म्हणत आलीस, मी त्याला परक्या मातीत टाकून आले. तू बरोबर होतीस. फक्त कारण तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. माफी मी त्याच्याकडे मागेन, तुझ्याकडे नाही. तूही निघताना त्याला म्हणाली होतीस, “जा रे, काही होत नाही.”

या वेळी प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलंय. माझ्यासाठी सगळं आहे त्यात. त्याच्यासाठी काही नाही. अशी हाडं कुठल्याच पॉलिसीत बसत नाहीत. ती मी मांडीवर घेऊन येईन.

पंचवीस एप्रिलला, शनिवारी दुपारी विमान मोल्डेला उतरेल. विमानतळावर यायचं की नाही, ते तू ठरव. मी त्याला घेऊन दारातून बाहेर येणारच आहे.

अजूनही तुझ्या भावाची बायको,
तूरिड